अंगणात दगड बसवताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात बागेतल्या दगडांबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर बरेच प्रश्न आले. सगळ्यांना उत्तर देणं शक्य नाही, पण जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले आणि ज्यांचा नागपूरच्या उन्हाशी, मातीशी थेट संबंध आहे ते इथे घेतले आहेत.

प्रश्न : बेसाला नवीन घर बांधलं, समोर १२ बाय २० फुटांची जागा बागेसाठी सोडली आहे. नर्सरीवाले म्हणतात सगळीकडे पांढरे पॉलिश गोटे टाका, मधे फायबरचा धबधबा ठेवा, एकदम मस्त दिसते म्हणे. मिस्टरांना काळे मोठे दगड हवेत. मला काहीच ठरवता येत नाहीये, कोणता दगड घ्यावा?

उत्तर : ताई, मी तुमच्या मिस्टरांच्या बाजूने आहे, आणि ते नुसतं आवडीचं म्हणून नाही. पांढरे गोटे दुकानात फार छान दिसतात पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, २०१३ च्या मे मध्ये तर ४७.९ पर्यंत गेला होता, अशा उन्हात पांढऱ्या गोट्यांवरून जो उजेड परततो तो डोळ्यांना सहन होत नाही, खिडकीतून थेट घरात येतो. मग पहिला पाऊस पडला की काळ्या मातीचे शिंतोडे उडतात आणि कडुनिंबाचा पाला पडला की तो गोट्यांमधून झाडूनही निघत नाही, एकेक पान वेचावं लागतं. वर्षभरात त्या पांढऱ्याचा मळकट राखाडी होतो आणि मग लोक ते धुवायला पाणी वाया घालवतात. झाडांचं नुकसान होतं ते वेगळंच, त्यावर खाली एका प्रश्नात लिहिलं आहे.

आता काळ्या दगडाचं. नागपूर हे दगडांच्या बाबतीत खरंच भाग्यवान गाव आहे, फार कमी शहरांत एवढी विविधता इतक्या जवळ मिळते. पश्चिमेला सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स आणि तिथून पुढे काटोल-हिंगण्याकडे सगळा काळा पाषाण म्हणजे बसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पसरून थंड झाला त्याचा. पूर्वेला गेलात की लाव्हा संपतो आणि त्याहून कितीतरी जुना, पट्ट्यापट्ट्यांचा नाइस नावाचा दगड लागतो, त्यात गुलाबी आणि राखाडी रेघा फार सुंदर असतात. उत्तरेला कामठी-सिलेवाड्याकडे वालुकाश्म आहे, भूगर्भशास्त्रात त्या थरांना नावच कामठी दिलंय. आणि रामटेकच्या पुढे देवलापारच्या बाजूला संगमरवरसुद्धा आहे. एवढं सगळं हाताशी असताना दुसऱ्या राज्यातून ट्रकने आलेले, मशीनमध्ये फिरवून गुळगुळीत केलेले गोटे कशाला घ्यायचे असं मला मनापासून वाटतं. आपल्या मातीतून निघालेला दगड आपल्या मातीत शोभतो, रंग जुळवावा लागत नाही, तो आपोआप जुळलेलाच असतो.

तुमच्या जागेला मी म्हणेन तीन दगड पुरे. एक मोठा, साधारण गुडघ्यापर्यंत येईल असा, आणि त्याच्या सोबतीला दोन लहान, तिघांची जात एकच. काळा, गुलाबी, पिवळा, पांढरा असं सगळं एकत्र आणलं की बाग राहत नाही, फर्शीवाल्याचं सॅम्पलचं दुकान होतं. मोठा दगड बरोबर मध्यभागी नको, गेटकडून आत येताना डावीकडे किंवा उजवीकडे जिथे नजर आपोआप जाते तिथे बसवा, त्याच्या मागे एखादं झुडूप, पुढे जमीन मोकळी. दगडावर थर किंवा रेघा असतील तर तिन्ही दगडांच्या रेघा एकाच दिशेने येऊ द्या, टेकडीवर तशाच असतात. एकदा सकाळी सेमिनरी हिल्सला फिरायला गेलात तर मुद्दाम बघा, कुठलाच दगड नुसता जमिनीवर टेकवलेला दिसणार नाही, प्रत्येकाचा काही भाग मातीत असतो.

बसाल्ट हवेपाण्याने झिजतो तो कांद्यासारखा, एकेक पापुद्रा सुटत जातो आणि आत गोलसर घट्ट गाभा उरतो. पश्चिम नागपुरात घराचा पाया किंवा विहीर खणताना असे गोल बोल्डर निघतात, कुणाचं खोदकाम सुरू असेल तर मालकाला विचारून ठेवा, त्यालाही ते हलवायचेच असतात. नाहीतर उमरेड रोडला पाचगावकडे काळ्या दगडाच्या खाणी आहेत. घेताना हातोडीने हलकेच ठोकून बघा, खणखणीत आवाज आला तर दगड पक्का, बद्द आवाज आला तर आत तडा आहे किंवा सडलेला आहे, दोन पावसाळ्यांत भुगा होईल. आणि दगड कोरडाही बघा, ओला करूनही बघा. दुकानात पाणी किंवा तेल मारून ठेवलेले असतात, घरी आले की वेगळेच दिसतात. रंगीत गोटे घ्यायचेच असतील तर ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, फडक्याला रंग लागला तर तो दगडाचा नाही, डाय केलेला आहे.

आणखी एक, कंपाउंडची भिंत अजून झाली नसेल तर मोठा दगड आत्ताच आत आणून घ्या. नंतर हायड्रा क्रेन आत जात नाही आणि माणसांनी ओढायचं म्हटलं की कुणाचा तरी पाय चेंगरतो.

प्रश्न : प्रतापनगरला राहतो. मागच्या वर्षी उन्हाळ्यात शहाबादी फर्शीचे तुकडे टाकून लॉनमधून पायवाट केली आणि कोपऱ्यात एक उभा दगड लावला. पावसाळा संपला तर फर्शा वरखाली झाल्या, दोन तुटल्या, दगड एका बाजूला कलला. मिस्त्री म्हणतो सिमेंटमध्ये पक्कं करून टाकू. करू का?

उत्तर : भाऊ, थांबा, सिमेंट नका ओतू. दोष फर्शीचा नाही, खालच्या काळ्या मातीचा आहे. आपली काळी कापसाची माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, मे महिन्यात हात जाईल अशा भेगा पडतात ते बघितलंच असेल. म्हणजे जमीन दर वर्षी वर येते आणि खाली जाते, आणि तीही सगळीकडे सारखी नाही. त्यावर सिमेंटचा पातळ थर दिला तर तो थर तडकतो आणि फर्शी त्याच्यासकट उचलली जाते, मग नीट करायला फोडावंच लागतं. सुटी बसवलेली फर्शी सब्बलने (पहारीने) उचलून पुन्हा लेव्हल करता येते, तिचा हाच मोठा फायदा आहे.

असं करा. फर्शा काढून बाजूला ठेवा, त्या ओळीतली काळी माती ९-१० इंच खोल काढून टाका (ती कुंड्यांना शेणखत आणि रेती मिसळून वापरता येते). त्यात ५-६ इंच मुरूम भरा, पण एकदम नाही, दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून धुम्मसने चांगला ठोकायचा. त्यावर २ इंच बारीक गिट्टी आणि वर इंच-दीड इंच चुरी म्हणजे दगडाचा बारीक चुरा, त्यावर फर्शी. मुरूम फुगत नाही आणि त्याच्यातून पाणी निघून जातं म्हणून हे सगळं. काळी माती कुठे कुठे खूप खोल असते, ती पूर्ण काढणं कुणालाच शक्य नाही आणि गरजही नाही, आपल्याला मधे एक न फुगणारा थर पाहिजे एवढंच. मुरमाच्या खाली जिओटेक्स्टाइल कापड अंथरलं तर माती आणि मुरूम एकमेकांत मिसळत नाहीत, थोडा खर्च वाढतो पण माझ्या मते करावा.

फर्शी एक इंचाची असेल तर ती अधांतरी राहिलेल्या जागी पाय पडला की तुटणारच, पायवाटेला दीड-दोन इंच जाडीची घ्या. एका फर्शीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंत साधारण २ फूट ठेवा, पण घरात वयस्कर माणसं असतील तर त्यांना एकदा चालायला लावून त्यांच्या पावलावर अंतर ठरवा. वरचा भाग रफ हवा, पॉलिश अजिबात नको, जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळ धरलं की पॉलिशच्या फर्शीवर घसरून हाड मोडतं.

उभ्या दगडाचं सांगायचं तर तो किती खोल गाडला होता ते तुम्ही लिहिलं नाहीये, पण जो कलतो तो बहुतेक वेळा नुसता टेकवलेला असतो. पसरट दगडाचा चौथा हिस्सा आणि उभ्याचा किमान तिसरा हिस्सा जमिनीत गेलाच पाहिजे, खाली मुरूम आणि आजूबाजूने डबर ठोकून पाचर मारायची. लोकांना वाईट वाटतं की पैसे देऊन आणलेला दगड मातीत घालायचा, पण तेवढा भाग गेला की तो दगड इथेच होता असं वाटायला लागतं आणि पक्काही बसतो. अजून एक गोष्ट बघा, त्या दगडाच्या एकाच बाजूला गच्चीचा पाइप उतरतो का किंवा रोजचा नळीचा मारा एकाच बाजूने असतो का? तसं असेल तर त्या बाजूची माती फुगेल आणि दुसरी कोरडी राहील, दगड कितीही चांगला बसवला तरी कलेल. पाण्याची वाट आधी बदला. आणि हे काम दिवाळी ते संक्रांत या दिवसांत काढा, पावसात ही माती फावड्याला सोडत नाही आणि मे मध्ये टिकाससुद्धा (कुदळ) आत शिरत नाही.

प्रश्न : गंधराज, इक्झोरा आणि जास्वंद, तिन्हींची पानं पिवळी पडली आहेत, शिरा मात्र हिरव्या. खत देऊन झालं. वाफ्यात वरून पांढरी मार्बल चिप्स टाकली आहे, त्याचा काही संबंध असेल का? (त्रिमूर्तीनगर)

उत्तर : आहे, काकू, आणि तुम्ही शिरा हिरव्या आहेत हे लिहिलंत ते फार बरं केलं, त्यावरूनच कळतं की हे लोह कमी पडल्याचं लक्षण आहे. मातीत लोह असतं पण माती जास्त अल्कधर्मी झाली की झाडाला ते घेता येत नाही. आपली काळी माती मुळातच त्या बाजूची, तिच्यात चुनखडीचे खडे असतातच, बोअरचं पाणीही जड. त्यावर मार्बल चिप्स म्हणजे वरून आणखी चुना, पाण्याने थोडा थोडा विरघळत खाली जाणारा. गंधराज आणि इक्झोराला आंबूस माती लागते, ते आधी रुसतात.

चिप्स सगळ्या काढा. भरपूर कंपोस्ट मिसळा, वर पाल्यापाचोळ्याचं आच्छादन द्या. तात्पुरता उपाय म्हणून चिलेटेड आयर्न पाकिटावरच्या प्रमाणात फवारा, नाहीतर हिराकस (फेरस सल्फेट) ५ ग्रॅम १ लिटर पाण्यात, त्यात थोडं लिंबू पिळून, संध्याकाळी पानांवर. मात्र हिराकसचं पाणी फर्शीवर किंवा फिक्या दगडावर पडू देऊ नका, गंजासारखे डाग पडतात आणि निघत नाहीत.

दगडच हवा असेल तर काळी गिट्टी किंवा गारगोट्या टाका, त्यांच्यात चुना नसतो. ओळखायचं कसं, तर दगडाला खिळ्याने थोडं खरवडून त्या भुकटीवर लिंबाचा रस किंवा व्हिनेगर टाका, बुडबुडे आले की चुन्याचा दगड. मार्बल, कोटा, शहाबादी, कडप्पा हे सगळे त्या जातीचे. आणि गिट्टी काळी असो की पांढरी, खोडापासून वीतभर लांब ठेवा, मे मध्ये तापलेला दगड खोडाला चिकटून असेल तर साल भाजते. दगडांमध्ये सुखाने राहणारी झाडंही खूप आहेत हो, अडेनियम, कोरफड, युफोर्बिया, चिनी गुलाब. ती लावा तिथे, गंधराजाला सावलीची मऊ जागा द्या.

प्रश्न : रविवारी आम्ही मित्र गाडी घेऊन कन्हानकडे जातो. नदीतले गोल गोटे फार छान असतात, डिक्कीत भरून आणले तर चालतील का? आणि जुनापाणीकडे रानात मोठमोठे दगड नुसते पडून आहेत, कुणाच्याच कामाचे नाहीत.

उत्तर : नाही, दादा, दोन्ही नको, आणि दुसरं तर अजिबात नको.

नदीतले गोटे, रेती, मुरूम हे सगळं गौण खनिज आहे, ते काढायला आणि वाहून न्यायला सरकारी परवाना लागतो. राखीव जंगलातून दगड उचलणं हा वन कायद्याने गुन्हा आहे. दुकानातून किंवा खाणीतून घेतानाही वाहतुकीचा पास आहे का ते विचारत जा. कायदा बाजूला ठेवला तरी नदीतल्या गोट्यांखाली केवढे जीव राहतात, माशांची अंडी, किडे, त्यावर जगणारे पक्षी.

आणि जुनापाणीचे दगड पडलेले नाहीत, रचलेले आहेत. काटोल रोडवरच्या या जागेत लोहयुगातली शेकडो शिळावर्तुळं आहेत, साधारण अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी लोकांनी आपल्या मृतांना पुरलं आणि भोवती काळ्या दगडांची कडी केली. काही दगडांवर मुद्दाम केलेले वाटीसारखे खळगे ओळीने दिसतात. १९ व्या शतकापासून तिथे उत्खननं झाली आहेत, माहुरझरी, टाकळघाट, नायकुंड इथेही अशी वर्तुळं आहेत. ती संरक्षित स्मारकं आहेत. एक दगड हलला तरी ते वर्तुळ कायमचं मोडलं, कारण तो दगड तिथे का होता हे परत कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही मित्रांना घेऊन तिकडे जरूर जा, मुलांना घेऊन जा, त्या माणसांनी काय हौसेने एकाच जातीचे दगड निवडून आणले ते बघा, फक्त हात लावू नका. कुणी उचलताना दिसलं तर थांबवाही.

प्रश्न : दगड ठेवले की विंचू येतात म्हणून आई नको म्हणते. खरं आहे का?

उत्तर : आईंची भीती खरी आहे. पण विंचू येतो तो दगडाखालच्या पोकळीत, दगडासाठी नाही. पक्का गाडलेला, कडेने माती दाबलेला दगड असेल तर त्याला शिरायला जागाच नसते. धोका असतो तो कोपऱ्यात रचून ठेवलेल्या सुट्या दगडविटांच्या ढिगाला, तो आधी हलवा. दगड उचलताना हातमोजे घाला आणि आपल्या विरुद्ध बाजूने सब्बलने उचला. रात्री बघायचं असेल तर यूव्ही टॉर्च आणा, त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो, लगेच दिसतो. चावलाच तर घरगुती उपचारात वेळ घालवू नका, लहान मूल असेल तर तर मुळीच नाही, सरळ दवाखाना.

खरं तर मला विंचवापेक्षा डासांची जास्त काळजी वाटते. खळगा असलेल्या दगडात पावसाचं पाणी साचतं आणि डेंग्यूचा डास आठवड्या-दहा दिवसांत त्यात तयार होतो. आठवड्यातून एकदा खळगे कोरडे करा, किंवा बारीक रेतीने भरून टाका.

प्रश्न : तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत छोटी रॉक गार्डन करायची आहे. किती वजन चालेल?

उत्तर : आधी हिशोब बघा. काळ्या दगडाचा १ घनफूट ठोस तुकडा जवळपास ८० किलोचा असतो. २ इंच गिट्टी पसरली तर दर चौरस फुटाला ७ किलो. आणि माणसांचा वावर असलेल्या गच्चीसाठी भारतीय मानकात धरलेला भार आहे चौरस मीटरला १५० किलो, म्हणजे चौरस फुटाला साधारण १४. त्यात तुम्ही, कुंड्या, ओली माती, सगळं आलं. म्हणजे नुसत्या गिट्टीने अर्धी मर्यादा संपली. मोठा बोल्डर तिथे नकोच. पातळ फर्शीचे तुकडे, प्यूमिस नावाचा हलका सच्छिद्र दगड, चार-पाच मुठीएवढे दगड एका पसरट कुंडीत, सोबत सक्युलंट, एवढ्यातही फार छान होतं. ठेवायचं ते बीम-कॉलमच्या वर, कठड्याच्या कडेला, वॉटरप्रूफिंगवर थेट दगड घासू न देता खाली रबराची मॅट टाकून, आणि पाण्याचा उतार मोकळा ठेवून. इमारत जुनी असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवूनच हात घाला.

प्रश्न : दगडी पायऱ्यांवर शेवाळ आणि पांढरे डाग आलेत. ॲसिडने धुऊ का?

उत्तर : नका हो. कोटा, शहाबादी, मार्बल ॲसिडने खाल्ले जातात, चमक जाते, पृष्ठभाग खडबडीत होतो आणि पुढच्या पावसात शेवाळ दुप्पट धरतं. नारळाच्या काथ्याचा नाहीतर नायलॉनचा ब्रश आणि पाणी, डिश सोपचे दोन थेंब, बस. वालुकाश्मावर प्रेशर वॉशरही नको, कण सुटतात. पांढरे डाग बोअरच्या पाण्याचे असतील तर स्प्रिंकलरचं तोंड फिरवा.

प्रश्न : सासूबाईंचं जातं, पाटा-वरवंटा आणि एक दगडी उखळ महाल भागातल्या जुन्या घरातून आणलंय. बागेत ठेवावं असं वाटतं पण कसं ते सुचत नाही. पायवाटेत बसवलं तर?

उत्तर : किती छान केलंत आणलंत ते, लोक भंगारात देऊन टाकतात. पायवाटेत मात्र नको. ज्यावर धान्य दळलं त्यावर पाय ठेवायला घरातल्या मोठ्या माणसांना नको वाटतं, आणि मला त्यांचं पटतं. जातं तुळशीच्या बाजूला, मुरूम-चुरीच्या पायावर, जमिनीपासून थोडं वर बसवा, खालचा-वरचा दोन्ही दगड एकावर एक, आजूबाजूला चिनी गुलाब किंवा रेन लिली. पाटा भिंतीला तिरपा टेकवला तर त्यावरच्या टाकीच्या (छिन्नीच्या) खुणा सकाळच्या तिरप्या उन्हात फार सुंदर दिसतात, म्हणून त्याला पॉलिश, वार्निश, ऑइलपेंट काही लावू नका. रंगच लावायचा असेल तर सणाला रांगोळीचे चार ठिपके पुरेत.

उखळात पाखरांसाठी पाणी ठेवा, उन्हाळ्यात बुलबुल, साळुंक्या, चिमण्या नक्की येतील. उखळ खोल असतं, लहान पक्षी बुडू शकतो, म्हणून आत गोटे भरून वर फक्त दीड-दोन इंच पाणी राहील असं करा आणि रोज बदला. झुडपाला लागून ठेवू नका, मांजर दबा धरते, चहूबाजूंनी ५-६ फूट मोकळं असू द्या. जात्याचा लाकडी खुंटा अजून असेल तर तो काढून घरात ठेवा, बाहेर पावसात कुजतो आणि आधी वाळवी लागते. त्या भोकात पाणी साचणार नाही एवढी रेती भरली की झालं.